पाटीवर 'पेशवेकालीन', कौलावर १८६५: मंडळाच्या विटांच्या वाड्याचा इतिहास कसा शोधायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या गावात एका जुन्या दुमजली विटांच्या वाड्यात मंडळ आहे. खाली वाचनालय, वर कॅरम, बुद्धिबळ आणि सभांची खोली, मागच्या अंगाला व्यायामशाळा. पुढच्या वर्षी मंडळाची शताब्दी आहे आणि स्मरणिकेत वाड्याचा इतिहास लिहायची जबाबदारी तुमच्यावर आलीय. बाहेरच्या पाटीवर 'पेशवेकालीन वाडा' लिहिलंय. छपराच्या कौलावर १८६५ असा ठसा आहे. एक म्हणतो इनामदारांनी वाडा दान दिला, दुसरा म्हणतो सावकाराच्या लिलावातून मिळाला, तिसरा छातीठोकपणे सांगतो की इथे मंडळाच्या व्यासपीठावरून टिळक बोलले होते. यातलं खरं काय आणि ते शोधायचं कसं?

मी गेली सव्वीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. त्यात वाचनालयं, तालमी, जिमखाने, ज्ञातींची सभागृहं अशी मुळात कुणाची तरी घरं असलेली बरीच ठिकाणं आली. सगळीकडे पहिला प्रश्न हाच असतो: वाडा किती जुना? तो प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यावरच सगळी शक्ती खर्च होते आणि त्याहून मोलाचा प्रश्न राहून जातो: एका कुटुंबाचं घर गावाचं कधी झालं, आणि कोणत्या कागदावर? तुमच्या गावातल्या तिन्ही गोष्टी, दान, लिलाव आणि टिळक, या एकाच सांध्यापाशी येऊन भांडतायत. म्हणून मी तिथूनच सुरुवात करीन.

त्याआधी पुण्यातलं एक उदाहरण. विश्रामबागवाडा तुम्ही पाहिला असेल. विटांचं आणि लाकडाचं बांधकाम, समोर सुरूच्या आकाराचे खांब, वर कोरीव सज्जा. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पेशवा पुणं सोडून गेला. म्हणजे पेशव्याचं घर म्हणून त्या वाड्याचं आयुष्य जेमतेम दहा वर्षांचं. १८२१ मध्ये तिथे इंग्रज सरकारची संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढच्या डेक्कन कॉलेजचं मूळ ते. नंतर शाळा आणि कचेऱ्या आल्या. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळला, तो पुन्हा उभा केला गेला. विसाव्या शतकात १९५९ पर्यंत पुण्याच्या नगरपालिकेचा आणि पुढे महानगरपालिकेचा कारभार तिथून चालला. दर्शनी भागात टपाल कचेरी. दहा वर्षं राजवाडा आणि दोनशे वर्षं सार्वजनिक जागा! तरी आपण त्याला बाजीरावाचा वाडा म्हणून ओळखतो आणि तिथे शिकलेल्या, खर्डेघाशी केलेल्या, पत्रं टाकलेल्या हजारो माणसांना विसरतो. तुमच्या स्मरणिकेत हे होऊ देऊ नका. शंभर वर्षं मंडळ तिथे असेल, तर त्या वाड्याच्या इतिहासाचा मोठा हिस्सा मंडळाचाच आहे.

आता एक कबुली. मी तुमचा वाडा पाहिलेला नाही. तुमच्या गावठाणाचा नगर भूमापन, म्हणजे सिटी सर्व्हे, झालाय की नाही, मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलंय की नाही, जुनी दप्तरं शाबूत आहेत की उंदरांनी खाल्ली, यावर बरंच काही ठरेल. तेव्हा मी शोधाचा क्रम सांगते आणि कुठे फसायला होतं तेही सांगते. उत्तर वाड्यातूनच निघेल.

आधी कागद. सर्व्हे झाला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. तिच्यात 'हक्काचा मूळ धारक' असा रकाना असतो, खाली 'पट्टेदार', म्हणजे पट्ट्याने जागा घेतलेला, असतो. मंडळाचं नाव या दोनपैकी कुठल्या रकान्यात आहे हे पाहिलंत की तुमच्या निम्म्या वादाचा निकाल लागतो. पत्रिकेवर थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उताराही मागा. सर्व्हेच्या वेळी अधिकाऱ्याने दारात उभं राहून 'हे घर कुणाचं, कुठून आलं' असं विचारून लिहून घेतलेलं असतं. दीड ओळीचीच नोंद असते, पण ती समारंभासाठी लिहिलेली नसते, म्हणून विश्वासाची. सर्व्हे झालाच नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांच्या कर-आकारणीची नोंदवही, किंवा नगरपालिकेची जुनी घरपट्टी आकारणीची वही. तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, पण कोणत्या साली कर कोण भरत होतं ते दिसतं.

मग 'दान दिला' या शब्दाचा पाठलाग करा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराचं दान नोंदणीकृत दस्तानेच करावं लागतं. म्हणजे इनामदारांनी शंभर वर्षांपूर्वी वाडा खरोखर बक्षीस दिला असेल, तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बक्षीसपत्र असायला हवं. सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या तिथल्या यादीत, गावाच्या नावाने आणि अंदाजे सालाने शोध घ्या. दोन-चार वर्षं मागेपुढे बघायची तयारी ठेवा. नाही सापडलं तर दान झालंच नाही असं लगेच लिहू नका. मृत्युपत्राने दिलेलं असू शकतं आणि मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. मंडळ नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यात, स्थावर मालमत्ता कशी दाखवलीय ते पाहा. १९५० चा ट्रस्ट कायदा लागू झाल्यावर संस्थांना नोंदणीसाठी मालमत्तेचा तपशील द्यावा लागला. त्या वेळच्या विश्वस्तांनी वाड्यापुढे काय लिहिलं हे फार बोलकं असतं. तेव्हा वाडा मिळाल्याला पंचवीस-तीसच वर्षं झालेली असणार आणि देणारे-घेणारे यांतलं कुणी ना कुणी हयात असणार.

इथे एक अनुभव सांगते, कारण तुमच्याकडेही हेच निघण्याची शक्यता मला बरीच वाटते. एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी गेले होते. दारावर संगमरवरी पाटी: अमुक शेठजींनी ही वास्तू उदार अंतःकरणाने दिली. आम्ही माळ्यावरची ट्रंक उघडली तर तळाशी भाड्याच्या पावत्यांचं पुडकं निघालं, सुतळीने बांधलेलं. महिना सात रुपये. पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत सात रुपयेच! मधे युद्ध आलं, महागाई आली, भाडे नियंत्रणाचा १९४७ चा कायदा आला, पावत्यांवरचे हस्ताक्षर तीन पिढ्यांत बदलले, आकडा बदलला नाही. शेवटच्या काही पावत्यांच्या पाठीवर 'रक्कम वर्गणीत जमा' असा शेरा होता. शेठजींच्या नातवाने भाडं घ्यायचं आणि तेच पैसे वाचनालयाला परत द्यायचे, असा तो व्यवहार.

समितीतले एक आजोबा माझ्यावर रागावले. म्हणाले, "ताई, तुम्ही दानाचं भाडं केलंत." मला वाटतं त्या सात रुपयांत दानापेक्षा जास्त माणूसपण होतं. दान एकदा देऊन मोकळं होता येतं. दर महिन्याला पावती फाडून, भाडं वाढवायचा मोह टाळून पन्नास वर्षं घर चालू ठेवणं अवघड. पण पाटीवर ते कसं लिहिणार? 'दिली' या एका शब्दात दान, भाडं, पट्टा, नुसती परवानगी असं सगळं कोंबून आपण मोकळे होतो. तुमच्या कागदांतून यातलं नेमकं काय निघतं ते तसंच लिहा. आणि मंडळ भाडेकरू असल्याचं निघालं तर स्मरणिका छापायच्या आधी वकिलाला दाखवा. मूळ घराण्याचे वारस पुण्या-मुंबईत असतात आणि स्मरणिका नेमकी त्यांच्या हाती पडते.

लिलावाची कथा खरी असेल तर तिचाही माग लागतो. दिवाणी कोर्टाच्या हुकुमाने विक्री झाली असेल तर विक्रीचा दाखला असतो आणि त्याची नोंद निबंधकाकडे जाते. या कागदातले दोन शब्द नीट वाचा, कर्ज कुणाचं आणि घेणारा कोण. पुष्कळदा सावकाराने लिलावात घेतलेला वाडा पुढे त्याच्याच मुलाने मंडळाला दिलेला असतो. मग दान आणि लिलाव या दोन्ही कथा खऱ्या ठरतात, फक्त मधली वीस वर्षं गावाने गाळलेली असतात. मूळ घराण्याला लिलाव आठवतो, मंडळाला दान आठवतं.

जुने दस्त मोडीत असतील. मोडी जाणणारे आता पुष्कळ आहेत, पैसे देऊन वाचून घ्या, अंदाजाने वाचू नका. तारखांचा सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे. शके असेल तर ७८ मिळवा (वर्षाच्या शेवटच्या, म्हणजे जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या महिन्यांत ७९). पण पेशवाईतल्या कागदांत शुहूर सन, म्हणजे अरबी वळणाची वेगळी कालगणना, असतो, तोही अरबी शब्दांत. 'सन इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन १७६०-६१ येतं. फसली, म्हणजे महसुली वर्षाचा सन, असेल तर मिळवायचा आकडा पुन्हा वेगळा. पाटीवरच्या 'पेशवेकालीन'चा उगम असा एखादा कागद असेल तर तो कागद वाड्याबद्दल बोलतोय की शेजारच्या इनाम जमिनीबद्दल, हेही तपासा. एका ठिकाणी सनद अस्सल होती, सालही बरोबर होतं, फक्त ती मळ्याची होती.

आता वाडा. गवंड्याला घेऊन एक दुपार काढा. जिन्याखाली किंवा कपाटामागे, जिथे कुणाच्या डोळ्यांत येणार नाही अशा जागी फूटभर गिलावा अलगद उतरवा. वीट पाहा, मोजा, सांधा नखाने खरवडा. जुनी वीट सहसा पातळ असते, दीड-दोन इंचांची. कडा वाकड्या, अंगावर तुसाचे आणि कधी बोटांचे ठसे. सांधा चुन्याचा, जाड, आणि भिंतीच्या पोटात बऱ्याचदा माती. इंग्रजी अमदानीत नऊ इंच, साडेचार इंच, तीन इंच अशा मापाची वीट रुळली. तिची एकसारखी माळ लागलेली दिसते. मूळ सांधाच सिमेंटचा असेल तर प्रश्न मिटला: हिंदुस्थानात पोरबंदरला सिमेंट नीट तयार व्हायला लागलं ते १९१४ मध्ये, त्याआधीचं सिमेंट परदेशातून यायचं आणि तालुक्याच्या गावातल्या घराला ते कोण वापरणार? मात्र सांधा मूळचा आहे की नंतर वरून दरजा भरल्यात हे गवंड्याकडून पक्कं करून घ्या. वरवर सिमेंट आणि आत दोन इंचांवर चुना, हे नेहमीचं.

विटेच्या मापावर वाड्याचं वय ठरवू नका, हे मुद्दाम सांगते. गावोगावचे कुंभार पातळ विटा पेशवाई गेल्यावरही पाडत होते. शिवाय पडक्या वाड्याच्या विटा, तुळया, दारं विकत घेऊन नवं घर बांधणं ही आपल्याकडची जुनी काटकसर आहे. १८८० च्या घरात १७८० ची वीट सहज सापडते.

विटेपेक्षा घराची बांधणी जास्त खरं बोलते. पेशवाईतल्या वाड्यात भार लाकूड उचलतं, वीट भिंत भरते. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत जा. मधेच आवाज बदलला तर आत सागवानी खांब दडलेला आहे. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, खाली जाड भिंतीत कोनाडे, फडताळं, एखादं बळद, म्हणजे धान्य साठवायची भिंतीतली पोकळी. घराचं तोंड आत, चौकाकडे. रस्त्याला दिंडी दरवाजा आणि जवळजवळ बंद भिंत. नंतरच्या घराचं तोंड बाहेर वळलेलं असतं: रस्त्यावर व्हरांडा, विटांच्या कमानींवर तोललेल्या मोठ्या खिडक्या, काचा, आणि भार थेट विटांच्या भिंतींवर. तुम्ही 'विटांचा वाडा' म्हणता आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत रस्त्याकडे उघडा व्हरांडा दिसतो. माझा कल नंतरच्या काळाकडे आहे. पण मागे चौक असेल आणि पुढचा भाग नंतर जोडलेला असेल तर मी चूक ठरेन. पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात विटा एकमेकांत गुंफल्यात की नुसत्या टेकल्यात ते बघा. टेकलेल्या असतील तर ती दोन वयांची दोन घरं आहेत.

आणि ते कौल! १८६५ वाचून तुमच्या समितीने वाड्याचं वय ठरवलं असेल तर तुम्ही एकटे नाही. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ मध्ये. हे स्थापनेचं साल पुढे कित्येक दशकं त्यांच्या कौलांवर ठशात येत राहिलं. आजच्या पाकिटावर 'स्थापना अमुक' छापतात तसंच ते. म्हणजे कौल १८६५ नंतरचं, एवढंच सिद्ध होतं. ठशात कॉमनवेल्थ असं नाव असेल तर ते पहिल्या महायुद्धानंतरचं, कारण युद्धात मिशनचे कारखाने जप्त झाले आणि मग कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. कौलं तर दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे ती छपराचं वय सांगतात, घराचं नाही. हाच हिशेब इतर ठशांना लावा. लोखंडी तुळईवर टाटांचं नाव असेल तर ती १९१२ नंतरची, जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं ते त्या साली. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरशीच्या पाठीवर भारत असा ठसा मिळाला तर १९२२ नंतरची. माझा अंदाज आहे की असा सगळा हिशेब मांडला की तुमच्याकडे १९२० ते १९४० या काळातला कामांचा एक मोठा थर दिसेल. तो थर मंडळाचा आहे. माजघराच्या मधली भिंत काढून वाचनाची खोली केली ती तुळई त्याच वेळी आली असणार. घराचं सार्वजनिक होणं असं छताला डोकं वर करून बघता येतं. शोधा, सापडेल.

मंडळाची स्वतःची दप्तरं हा तुमचा खरा खजिना. इतिवृत्ताच्या वह्यांपेक्षा रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचा. इतिवृत्तात 'सर्वानुमते ठरले' एवढंच असतं, रोजकीर्दीत चुन्याच्या गाड्या, गवंड्याची मजुरी, पेट्रोमॅक्सच्या जाळ्या, पाहुण्यांच्या टांग्याचं भाडं, सगळं तारखेनिशी. पेट्रोमॅक्सची जाळी शेवटची कधी घेतली ते पाहिलं की वीज कधी आली ते कळतं. ११ डिसेंबर १९६७ च्या आसपासची पानं तुम्ही विशेष काळजीने चाळा. कोयनेचा भूकंप त्या दिवशी पहाटे झाला आणि तुमच्या जिल्ह्यातल्या जुन्या भिंतींना त्याने तडे दिले. कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर, तिच्यावर सिमेंटची पट्टी, वरच्या मजल्याच्या भिंती बांधून धरायला घातलेला लोखंडी ताण, असं काही दिसत असेल तर खर्च रोजकीर्दीत असेलच, आणि तो पैसा कुणी उभा केला हेही. लोकांना ते आठवतंय तोवर विचारा. भूकंपाच्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून गेलाय.

माणसांना साल विचारू नका. साल विचारलं की लोक अंदाज ठोकतात आणि मग तोच अंदाज शपथेवर सांगतात. वस्तू विचारा. पाणी कुठून यायचं? वर्तमानपत्र कुठल्या टेबलावर असायचं, पहिलं कुणाला मिळायचं? तालमीची माती कुठून आणायचे? बायका कुठल्या दाराने यायच्या, की येतच नव्हत्या?

शेवटचा प्रश्न टाळू नका. जुन्या नियमावलीत 'सभासद कोणास होता येईल' हे कलम असतं, ते जसंच्या तसं छापा. त्या काळात गावातल्या प्रत्येकाला त्या दारातून आत जाता येत होतं असं नाही. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या वा चालवलेल्या जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, म्हणजे तुमच्या मंडळाच्या स्थापनेआधी. ठराव झाला म्हणून दारं उघडली असं झालं नाही. तुमचं दार कधी उघडलं, कुणाच्या आग्रहाने, याची नोंद वहीत असेल तर स्मरणिकेत तिला पान द्या. आणि नोंद नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन भेटा. मी एकदा विचारायला गेले तर एका आजोबांनी सांगितलं, "आम्ही खिडकीतून पेपर ऐकायचो, एक मास्तर मुद्दाम मोठ्याने वाचायचा." वाचनालयाच्या कुठल्याही वहीत हे नव्हतं.

आता टिळक. ही गोष्ट बहुतेक गावांत असते, आणि काही गावांत ती खरीही असते, कारण माणूस खूप फिरला. तपासणी सोपी आहे. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले. एका स्मरणिकेत मी त्यांचं १९११ सालचं व्याख्यान वाचलंय, फोटोच्या मथळ्यासकट! तुमच्या मंडळाची पुढच्या वर्षी शताब्दी, म्हणजे स्थापनाच टिळकांच्या निधनानंतरची. तेव्हा ते आले असतील तर मंडळाच्या व्यासपीठावर नाही, त्या घराच्या मालकाकडे पाहुणे म्हणून आले असतील. हे शक्य आहे आणि शोधण्यासारखं आहे. त्या काळातल्या 'केसरी'त आणि 'ज्ञानप्रकाशा'त दौऱ्यांच्या बातम्या यायच्या, गावाचं नाव आणि यजमानाचं आडनाव मिळतं. मिळालं तर मालक कोणत्या विचारांचा होता हे कळेल, आणि त्याच्या घरात पुढे वाचनालय का आलं याचा एक धागा हाती लागेल. नाही मिळालं तर 'अशी आठवण सांगितली जाते' एवढंच लिहा. सांगणाऱ्याचं नाव घाला, त्याची परवानगी घेऊन.

छापील साधनांत सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, १८८५ चा, एकदा चाळाच. त्यात गावांची वर्णनं आहेत. तुमचा वाडा नावानिशी सापडेल याची आशा धरू नका. पण गावात तेव्हा सावकारी किती होती, बाजार कोणता, शाळा होती का, एवढं कळलं की वाडा बांधणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पेशवेकाळाचा धागा खरोखर निघालाच तर पुण्याचं पुराभिलेखागार. तिथे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, तेव्हा घराण्याचं नाव आणि साधारण साल हाती असल्याशिवाय जाऊ नका, महिने जातील.

एवढं सगळं एका वर्षात जमेल का, तर नाही. मिळकत पत्रिका, चौकशी नोंदवही, परिशिष्ट १ आणि सूची दोनचा शोध, ही चार कामं या दोन महिन्यांत अर्ज टाकून सुरू करा, सरकारी नकला वेळ घेतात. तोवर दोन तरुण मुलांना रोजकीर्दीला बसवा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून. गिलावा उतरवायची दुपार पावसाळ्याआधी. मुलाखती मात्र उद्यापासून. कागद वाट बघतो, म्हातारी माणसं नाही.

पाटीचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. लगेच काढू नका. ती पाटी कधी लागली आणि कुणी लावली तेही शोधा, तोही मंडळाचा इतिहासच. पुरावा नाहीच मिळाला तर शेजारी दुसरी, लहान पाटी लावा: बांधकामाचा अंदाजे काळ, मूळ घराण्याचं नाव (त्यांची हरकत नसेल तर), मंडळाकडे कधी आणि कसा आला, आणि मोठ्या दुरुस्त्यांची सालं. पुण्यात गायकवाडांचा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला आणि बघता बघता तो केसरीवाडा झाला. नाव बदललं म्हणून आधीच्या मालकांची आठवण पुसली गेली नाही, दोन्ही नावं लोकांना माहीत आहेत. तुमच्याकडेही तसं होऊ शकतं.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, ती मला सगळ्यात जास्त खटकली. शताब्दीनिमित्त सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट द्यायचा ठराव झालाय म्हणे. तो थांबवा. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेरच्या अंगाने सुकून जाते. वर सिमेंट आलं की ती आत अडकते, दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीवर क्षार फुटून लोणा लागतो, पापुद्रे सुटतात आणि मग मऊ वीट पिठासारखी झडते. त्याहून वाईट म्हणजे मी वर जे जे बघायला सांगितलं, विटेचं माप, कोपऱ्यातला सांधा, भूकंपाची चीर, बुजवलेलं दार, ते सगळं त्या अर्ध्या इंचाखाली कायमचं गाडलं जाईल. चुन्याचं काम जाणणारा गवंडी तुमच्या भागात अजून मिळतो, देवळांच्या दुरुस्त्यांवर चौकशी करा. खर्च थोडा जास्त येईल. समिती ऐकत नसेल तर निदान जिन्याखालची ती फूटभर जागा उघडी ठेवा आणि तिच्यावर काच बसवा.